बॉस्टनच्या हिरव्या भिंतीची कॉपी का चालली नाही?

लोकलमध्ये उभे असाल किंवा ऑफिसच्या बसमध्ये पेंगत असाल, आज माझ्याबरोबर जरा अमेरिकेत चला. विषय आहे बेसबॉलची मैदानं.

क्रिकेटमध्ये खेळपट्टी 22 यार्डांचीच असते, पण सीमारेषा मैदानागणिक बदलते. बेसबॉलमध्ये हे आणखी टोकाला जातं. दोन बेसमधलं अंतर सगळीकडे 90 फूट. पण पलीकडचं कुंपण किती लांब आणि किती उंच, ते प्रत्येक मैदानाचं वेगळं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझ्या भाषेत, मधला गाभा लॉक आहे आणि बाकीचं एडिट करता येतं. मग एडिट कोण करतं? बऱ्याचदा ते शहरच करतं.

बॉस्टनचं फेनवे पार्क बघा. 1912 साली सुरू झालं. डाव्या बाजूला लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा आला, त्यामुळे मैदान तिथेच थांबलं. आज त्या कडेला 37 फूट उंच हिरवी भिंत आहे, तिचं टोपणनाव 'ग्रीन मॉन्स्टर'. दुसरीकडे सहज झेल झाला असता असा चेंडू इथे भिंतीवर आपटतो. तो कसा उसळेल, हे डावीकडच्या फील्डरला वेगळं शिकावं लागतं. म्हणजे एका रस्त्याने खेळच बदलला ना!

सॅन फ्रान्सिस्कोत हेच काम पाण्याने केलं. 2000 साली सुरू झालेल्या तिथल्या मैदानाची उजवी बाजू जेमतेम 309 फूट, कारण मागे लगेच खाडी. लोक छोट्या होड्या घेऊन पाण्यात चेंडूची वाट बघत बसतात.

त्याच वर्षी ह्यूस्टनच्या नव्या मैदानात मुद्दाम एक टेकाड बांधलं, 'टॅल्स हिल'. वर झेंड्याचा खांबही होता, तोही खेळाच्या हद्दीत! पण जमिनीचा तसा काही हट्ट नव्हता. जुन्या मैदानांची ती हौसेने केलेली नक्कल होती. 2016 च्या हंगामानंतर ते काढून टाकलं.

आता खरी गोष्ट. 1999 मध्ये फेनवेच्या तेव्हाच्या मालकांनी शेजारीच नवं मैदान बांधायची योजना मांडली. त्यात हिरव्या भिंतीची हुबेहूब प्रतिकृती होती, मापंसुद्धा तीच. तरी चाहते आणि आसपासचे रहिवासी विरोधात उभे राहिले. 2002 मध्ये मालक बदलले, आणि नव्यांनी पाडण्याऐवजी डागडुजी केली. 2003 मध्ये तर भिंतीच्या माथ्यावरच खुर्च्या बसवल्या.

मापं तीच असतील तर भांडायचं कशाला? मला वाटतं, भिंतीची उंची कॉपी होते, पण ती तिथे का आहे हे कॉपी होत नाही. मागचा रस्ता गेला की भिंत नुसती सजावट उरते.

तुमच्या गावातलं मैदान उद्या नव्याने बांधायचं ठरलं, तर कुठली अडचण तुम्ही तशीच ठेवायला सांगाल? कॉमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!