निखळलेला दात आणि हातातला अर्धा तास
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "दातांवर दहा मिनिटं बोल, पण पुढे जेवण आहे हे लक्षात ठेव." म्हणून कीड, हिरड्या आणि गोड खाणं हे विषय बाजूला ठेवतो. फक्त एका दाताबद्दल बोलतो. तो याच शाळेच्या मैदानावर पडला आणि माझ्या हातून वाया गेला.

आम्ही सहावीत होतो. खो-खोच्या सरावात माझा मित्र पळता पळता खांबावर आपटला. वरचा पुढचा दात मुळासकट निखळून मातीत पडला. रक्त पाहून बाकीची मुलं घाबरली. मी शहाणपणा केला. दात शोधला, हौदावर नेला आणि शर्टाच्या टोकाने खसाखसा घासला. मुळाला चिकटलेलं लालसर काहीतरी निघून जाईपर्यंत घासला. मग कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि नुसती मान हलवली. मित्राला काढता-घालता खोटा दात बसला. बाहेर फलकावर आपला दहावीचा फोटो लावला आहे. त्यात ओठ घट्ट मिटलेला एक मुलगा दिसेल. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि ही गोष्ट सांगायची परवानगी त्यानेच दिली आहे.

पुढे दंतवैद्यक शिकताना मला कळलं की ते लालसर म्हणजे घाण नव्हती, तोच दाताचा जीव होता. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा पडदा असतो, त्याच्या धाग्यांनी दात हाडाला धरून असतो. दात निखळला की हे धागे तुटतात आणि निम्मा पडदा मुळावर राहतो. त्यातल्या पेशी जिवंत असतील तर दात पुन्हा रुजतो. पण त्यांना कोरडी हवा सोसत नाही. अर्ध्या तासात बहुतेक पेशी मरतात आणि तासाभराने जवळपास काहीच उरत नाही. म्हणजे दात वाचवणारा खरा माणूस दवाखान्यातला डॉक्टर नाही. मैदानावर त्या क्षणी जो उभा असेल तो.

त्याने काय करायचं? दात पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच विसळायचा. तेही नसेल तर गार वाहत्या पाण्याखाली, फार तर दहा सेकंद. घासायचं नाही, साबण नाही, डेटॉल नाही. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात सरळ करून त्याच्या जागी अलगद बसवायचा आणि स्वच्छ रुमाल दाताखाली धरायला सांगायचा. हे धाडस होत नसेल तर दात थंड दुधात टाकून तडक दंतवैद्याकडे जायचं. पाण्यात ठेवू नका, पाण्याने पेशी फुगून फुटतात. दुधातले क्षार आणि आम्लता पेशींना मानवते, म्हणून दूध.

दोन अपवाद लक्षात ठेवा. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही, कारण त्याच्यावर वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा पुढचा दात बहुतेक दुधाचाच असतो. आणि मूल बेशुद्ध असेल, उलट्या करत असेल तर आधी इस्पितळ, दात नंतर. दात सापडतच नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो श्वासनलिकेत तर गेला नाही ना, हे पाहावं लागतं.

दात बसवला म्हणजे काम संपलं, असं नाही. आम्ही तो बारीक तारेने शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते पाहतो. मुळाचं टोक पूर्ण बंद झालेलं असेल तर आतली नस जगत नाही, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच रूट कॅनाल सुरू करतो. लहान मुलाच्या अर्धवट वाढलेल्या मुळात मात्र रक्तपुरवठा परत येण्याची आशा असते, तिथे थांबून लक्ष ठेवतो. पडदा मेलेला असेल तर हाड मुळाला चिकटतं आणि वर्षानुवर्षं ते मूळ हळूहळू खात राहतं. वाढत्या मुलाचे शेजारचे दात खाली येतात, हा मात्र तिथेच अडकतो आणि आखूड दिसू लागतो. म्हणून निदान पाच वर्षं तपासणीला यायचं असतं. पालक इथेच कंटाळतात.

तरीही उशीर झाला म्हणून दात फेकू नका. चिकटलेला दातसुद्धा काही वर्षं जागा आणि हाड राखतो, तेवढ्यात मूल मोठं होतं.

काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या शिक्षिकेने चहाच्या टपरीवरून पेलाभर थंड दूध मागून त्यात दात आणला होता. अर्धा तासही झाला नव्हता. रूट कॅनाल करावं लागलं, पण दात टिकला. ती कॉलेजात जाताना फोटो दाखवायला आली, मोकळेपणाने हसत होती. तो फोटो पाहताना मला आपला फोटो आठवला.

म्हणून आपल्या तुकडीतर्फे एक सुचवतो. शाळेला आपण पंखे देणारच आहोत. त्याबरोबर मैदानालगत एक फलक लावू : "दात मुळाला धरू नका, घासू नका, बसवा किंवा दुधात ठेवा, लगेच डॉक्टर." प्रथमोपचार पेटीत सलाइनची बाटली आणि झाकणाची स्वच्छ डबी ठेवू. दरवर्षी जूनमध्ये खेळाच्या शिक्षकांना आणि मुलांना हे दाखवायला मी स्वतः येईन. खर्च फारसा नाही.

मित्रा, तुझा दात मला परत देता येणार नाही. पण यापुढे या मैदानावर पडलेला दात कंपासपेटीत जाऊ नये, एवढं आपण दोघं मिळून करू. फलकाचं उद्घाटन तुझ्या हातून व्हावं, ही माझी विनंती.