३५ डॉलरांची धून

बँडवाला म्हणजे वरातीत पुढे आणि पंगतीत शेवटी, एवढीच आमची त्याची ओळख! वॉशिंग्टनच्या जॉन फिलिप सूझाने १८८० ते १८९२ पर्यंत अमेरिकन सरकारचा मरीन बँड चालविला. १८८९ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्राच्या निबंधस्पर्धेच्या बक्षीससमारंभासाठी त्याने त्याच नावाची कूचधून बांधली. तिच्यावर अमेरिकाच काय, यूरोपही नाचले. पण हक्क प्रकाशकाला अवघ्या ३५ डॉलरांत विकलेले! हे शल्य त्यास बोचत असावे, असे आम्हांस वाटते. पुढे ग्रामोफोन आला. तबकड्या खपत, धून बांधणाऱ्यास मात्र कवडी नाही. १९०६ साली सूझा अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन भांडला. १९०९ च्या कायद्याने रचनेच्या प्रत्येक ध्वनिमुद्रित प्रतीमागे २ सेंट ठरले.