वाट पाहणारे श्रोते

आपला आवडता गायक दरवर्षी नवी ध्वनिमुद्रिका काढीत असेल, गावोगाव मैफली करीत असेल आणि मधूनमधून वर्तमानपत्रांतून आपली मते सांगत असेल, तर त्याचा चाहता होण्याला फारसे कष्ट पडत नाहीत. तो आपण होऊन आपल्या दारी येतो. आपण नुसती कडी काढायची. पण एखादा कलावंत वर्षानुवर्षे गप्प बसतो, मुलाखत द्यायची म्हटले की संकोचतो, आणि गायलाच तर बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी ध्वनिमुद्रिकेत एखादे गाणे गाऊन निघून जातो. अशा कलावंताच्या चाहत्यांची जात निराळी असते. मी स्वतः गेली वीस-बावीस वर्षे त्या जातीचा आहे, आणि आज त्यांच्याविषयीच थोडे बोलावे असा विचार आहे.

जिच्यामुळे मी या पंथाला लागलो ती गायिका स्कॉटलंडची. एलिझाबेथ फ्रेझर हे तिचे नाव. २००१ साली मी पुण्यास एम. ए. चा अभ्यास करीत होतो. पावसाळ्याचे दिवस होते, वसतिगृहातली वीज नुकतीच परत आली होती, आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राने एक कॅसेट लावली. मॅसिव्ह अटॅक नावाच्या ब्रिस्टल शहरातील वाद्यवृंदाचे ते गाणे होते, 'टिअरड्रॉप'. हृदयाच्या ठोक्यांसारखा एक संथ ठेका, आणि त्यावर अलगद उतरलेला एका स्त्रीचा आवाज. शब्द इंग्रजी होते हे कळत होते. ते कोणते, हे मात्र नीट कळत नव्हते. माझ्या मित्राला गायिकेचे नाव ठाऊक नव्हते. कॅसेटच्या वेष्टणावरील बारीक अक्षरांत ते शोधून काढले, आणि त्या दिवसापासून बारीक अक्षरे वाचण्याची सवय जडली ती जडलीच.

फ्रेझरबाईंचा जन्म १९६३ चा. स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ हे त्यांचे गाव, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे. तेथील रॉबिन गथ्री आणि विल हेगी या दोन तरुणांनी 'कॉक्टो ट्विन्स' नावाचा रॉक वाद्यवृंद काढला होता. जेमतेम अठरा वर्षांची ही मुलगी त्यांना येऊन मिळाली. १९८२ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे हेगी गेले, सायमन रेमंड आले, आणि १९९० साली निघालेल्या 'हेवन ऑर लास वेगस' या ध्वनिमुद्रिकेने ब्रिटनच्या यादीत सातवा क्रमांक गाठला.

या वाद्यवृंदाच्या पुष्कळशा गाण्यांत शब्दांना रूढ अर्थ नाही. शब्दकोशातून, परक्या भाषांतल्या पुस्तकांतून नादाला आवडेल तो शब्द उचलावा, त्याचे तुकडे करावे आणि ते स्वरांत ओवावे, अशी फ्रेझरबाईंची रीत. इंग्रज श्रोत्यांना हे मोठे नवल वाटले. कित्येकांनी कागद-पेन्सिल घेऊन शब्द उतरवून काढले, आणि दोघांचे कागद कधी जुळले नाहीत. आपल्याला एवढे नवल वाटण्याचे कारण नाही. ज्याने तराणा ऐकला आहे, त्याला 'तन देरेना'चा अर्थ विचारण्याची गरज भासत नाही. शिवाय आपल्यापैकी जे पोटापाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर राहतात, त्यांना आणखी एक अनुभव असतो. मी बदलीवर नव्या प्रांतात गेलो की पहिले काही महिने शेजारघरातून येणारी अंगाई मला केवळ आवाज म्हणून ऐकू येते. भाषा नंतर कळते, माया आधी कळते. फ्रेझरबाईंचे गाणे मला नेहमी तशा अंगाईसारखे वाटत आले आहे.

१९९७ साली हा वाद्यवृंद मोडला. गथ्री आणि फ्रेझर हे केवळ सहकारी नव्हते. त्यांचे सहजीवन होते, त्यांना १९८९ साली झालेली एक मुलगी होती, आणि गथ्रींच्या व्यसनाने त्या घराला बरेच सोसावे लागले होते. १९९३ साली ते नाते संपले, तरी गाणे आणखी चार वर्षे चालू राहिले. ते थांबले तेव्हा साऱ्यांना वाटले की आता या बाई स्वतःच्या नावाने गातील. तेथून चाहत्यांच्या वाट पाहण्यास आरंभ झाला.

या वाट पाहण्याचा हिशेब मांडला तर तो मोठा विलक्षण दिसतो. १९९७ ते २०२२ या पंचवीस वर्षांत त्यांच्या एकटीच्या नावावर दोन लहान ध्वनिमुद्रिका निघाल्या. एक २००० साली, तिच्या जेमतेम दोनशे प्रती. दुसरी २००९ साली, अपघातात मृत्यू पावलेल्या एका संगीतकार मित्राच्या स्मरणार्थ. आणि तरीही या काळात त्यांचा आवाज जगभर हिंडत होता. १९९८ साली 'टिअरड्रॉप' निघाले. त्याच वर्षी क्रेग आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रिकेत त्या गायल्या. २००० साली पीटर गॅब्रिएल यांच्या 'ओव्हो'त, २००१ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या चित्रपटात हॉवर्ड शोअर यांच्या संगीतात गँडाल्फच्या मृत्यूचा शोक त्यांच्याच गळ्यातून उमटला. २००५ साली फ्रान्सच्या याँ तिएर्सां यांच्याबरोबर, २०२० साली आइसलंडच्या यॉन्सी यांच्याबरोबर, आणि त्याच वर्षी इंग्लंडची लोकगीते गाणाऱ्या सॅम ली यांच्याबरोबर. ज्यांनी तो चित्रपट आपल्याकडे पाहिला त्यांपैकी लक्षावधी लोकांनी हा आवाज ऐकला आहे. नाव मात्र फार थोड्यांनी वाचले असेल.

चाहत्याचे काम येथे सुरू होते. एरवी ज्या संगीताच्या वाटेला गेलो नसतो, ते केवळ एका पाहुणीसाठी घरी आणायचे. एका गाण्यासाठी बारा गाणी ऐकायची. माझ्याकडे एक जुनी वही आहे. तीत तारीख, ध्वनिमुद्रिकेचे नाव आणि बाईंचे त्यातले गाणे अशी नोंद मी ठेवीत आलो आहे. कार्यालयातील नोंदवहीची सवय घरापर्यंत आली, असे माझी पत्नी म्हणते. पण या वहीने मला फार मोठे जग दाखविले. चित्रपटसंगीत, लोकगीते, विजेच्या यंत्रांवर रचलेले संगीत, पियानोवरील हॅरल्ड बड यांची शांत रचना, या सर्वांच्या घरांत मी शिरलो तो या एका आवाजाचे बोट धरून.

हा आवाज दुसऱ्यांच्याच घरी का गातो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आत्मविश्वासाच्या उणिवेविषयी फ्रेझरबाई स्वतःच मोकळेपणाने बोलल्या आहेत. संकोची माणसाला यजमान होणे जड जाते. पाहुणे होणे सोपे असते. समारंभाची जबाबदारी दुसऱ्यावर, नाव दुसऱ्याचे, आपण आपल्यापुरते गावे आणि निघावे. लग्नघरी ओट्यापाशी सुरेख गाणारी, पण बैठकीत बोलावले की पदर सावरून मागे सरणारी एखादी मावशी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. तिला ओढून बैठकीत आणले, तर ती गाईलही; पण ओट्यापाशी जे ऐकले ते पुन्हा ऐकू येईलच असे नाही.

चाहत्यांना हे समजणे सोपे नसते. २००५ च्या आरंभी कॉक्टो ट्विन्स पुन्हा एकत्र येणार, कॅलिफोर्नियातील कोअचेला महोत्सवात गाणार आणि मग जगभर दौरा करणार, अशी घोषणा झाली. आठ वर्षांची प्रतीक्षा फळाला आली असे वाटले. मार्चमध्ये फ्रेझरबाईंनी माघार घेतली आणि सारे रद्द झाले. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि कोअचेला मला चंद्राइतकेच दूर होते. तरीही मला राग आला हे कबूल करतो. एवढ्या लोकांनी एवढी वाट पाहिली, त्यांचा काहीच हक्क नाही काय, असे मनात आले. ज्याच्यासोबतचे आयुष्य मोडले त्याच्या शेजारी रोज रात्री उभे राहून, मोडण्यापूर्वीची गाणी गायची, याचा अर्थ काय, हा विचार त्या वयात सुचला नाही. तो फार उशिरा सुचला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण करावेसे वाटले, तिच्याकडे येतो. १९८३ साली फ्रेझर आणि गथ्री यांनी टिम बकली या अमेरिकन गायकाचे 'साँग टु द सायरन' हे गाणे नव्याने गायले होते. ते ब्रिटनच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे राहिले. टिम बकली यांचा मुलगा जेफ, तोही गायक. पुढे जेफ आणि फ्रेझरबाई यांची भेट झाली, जवळीक झाली, आणि १९९० नंतरच्या त्या वर्षांत दोघांनी मिळून एक गाणे ध्वनिमुद्रित केले. ते अपुरे राहिले. नाते संपले. २९ मे १९९७ रोजी जेफ मेम्फिस शहरी नदीत बुडून वारला. वय अवघे तीस. त्याच काळात 'टिअरड्रॉप' घडत होते, आणि ते गाणे आपल्या मनात कुठेतरी जेफचेच आहे, असे बाईंनी पुढे सांगितले.

ते अपुरे गाणे कधीही रीतसर प्रसिद्ध झाले नाही. पण कोणाच्या तरी हातून ते बाहेर गेले, त्याच्या प्रती झाल्या, आणि चाहत्यांच्या हाती ते फिरू लागले. माझ्याही हाती आले. मी ते ऐकले. एकदा नव्हे, अनेकदा ऐकले. दोन तरुण माणसे एकमेकांसाठी गात आहेत, मध्येच हसत आहेत, असे ते गाणे आहे. ते सुंदर आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. नंतर २००९ साली बाईंची एक मुलाखत वाचनात आली. ते गाणे पुरे झालेले नाही, आणि म्हणून ते लोकांनी ऐकावे असे आपल्याला वाटत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

ती मुलाखत वाचली आणि मी थांबलो. सरकारी नोकरीत पहिली गोष्ट शिकविली जाते ती ही, की मसुदा म्हणजे आदेश नव्हे. ज्या टिपणीवर सही झाली नाही, ती लिहिणाऱ्याच्या मनातली असते. ती माझ्या टेबलावर आली म्हणून माझी होत नाही. कोणाच्या फायलीतला असा कागद मी घरी नेऊन मित्रांना वाचून दाखविला असता, तर माझी चौकशी झाली असती आणि ती योग्यच झाली असती. मग एका स्त्रीच्या आयुष्यातला, एका मृत माणसाच्या स्मृतीशी जोडलेला, सही न झालेला कागद मी प्रेमाच्या नावाखाली किती वेळा वाचला? कलावंताचे सारे काही आपल्यालाच मिळाले पाहिजे, या हट्टाला आपण भक्ती म्हणतो. पुष्कळदा ती केवळ हाव असते.

त्यानंतर मी ते गाणे ऐकलेले नाही. यात काही पराक्रम आहे असे नाही. स्मरणात ते आहेच, आणि स्मरण पुसता येत नाही. पण वहीतली त्याची नोंद मी खोडली. कोणी नवा चाहता ते मागू लागला, तर मी त्याला प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची यादी देतो. ती काही लहान नाही.

वाट पाहणाऱ्याला कधीकधी फळही मिळते. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फ्रेझरबाई अनेक वर्षांनी स्वतःच्या नावाने रंगमंचावर आल्या. जुनी गाणी गायल्या, काही नवीही गायल्या. ती नवी गाणी आता येतील, मग येतील, असे म्हणता म्हणता दहा वर्षे गेली. २०२२ साली त्यांनी आणि त्यांचे जीवनसाथी, तालवादक डेमन रीस यांनी 'सन्स सिग्नेचर' या नावाने पाच गाणी प्रसिद्ध केली. त्यांत एक गाणे २००० सालच्या त्या दोनशे प्रतींतले होते. बावीस वर्षांनी ते नव्याने घडवून, मनासारखे झाल्यावर, त्यांनी सर्वांच्या हाती दिले.

मी त्या दिवशी कार्यालयातून घरी आलो, दिवे मालवले आणि पाचही गाणी ओळीने ऐकली. तिसऱ्या गाण्याच्या सुमारास माझी मुलगी शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "बाबा, ही काय म्हणते आहे?" मी म्हटले, "मला नीट माहीत नाही." ती म्हणाली, "मग तुम्ही एवढी वर्षे काय ऐकत होता?"

प्रश्न रास्त होता. एक माणूस आपल्या मनाजोगते होईपर्यंत बोलत नाही, आणि झाले की हलकेच सांगून जातो. त्याच्या बोलण्याइतकेच त्याचे थांबणेही मी ऐकत होतो, असे उत्तर मला पुढे सुचले. त्या वेळी मात्र मी एवढेच म्हणालो, "बस थोडा वेळ. अजून दोन गाणी आहेत." ती बसली. वहीत त्या दिवसाची नोंद मी तिच्याकडूनच लिहवून घेतली.