गाडीची रुसलेली काच



मृगाचा पहिला पाऊस यावा, आणि नेमक्या त्याच वेळीं गाडीची काच अर्ध्यावर अडून बसावी, असा प्रसंग वऱ्हाडांत नवा नाहीं. राजापेठेंतून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलेल्या एका गृहस्थाची कल्पना करावी. आकाश काळवंडलेलें, मागें मुलें बसलेलीं, आणि बटण दाबून दाबून बोट दुखलेलें. तो निर्णय देऊन टाकतो, 'मोटर जळाली!' पुष्कळदां हा निर्णय म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा प्रकार असतो.

पूर्वीं काच हातानें मूठ फिरवून चढवीत. अमेरिकेंतील पॅकार्ड गाडींत १९४० सालीं द्रवाच्या दाबानें चालणाऱ्या काचा आल्या; १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियल गाडींत तें काम विजेच्या मोटरीनें पत्करलें. आज दाराच्या पोटांत बारा व्होल्टची लहान मोटर असते. तिच्या दांड्यावरील मळसूत्र एका दंतचक्रास फिरवितें. त्यामुळें वेग घटून जोर वाढतो व काच स्वतःच्या भारानें घसरत नाहीं. ही गति काचेपर्यंत पोंचविणारा सांगाडा म्हणजे रेग्युलेटर. तो कोठें कात्रीसारख्या भुजांचा, तर कोठें पोलादी तारेचा असतो.

आधीं निदान, मग उपचार. बटण दाबून कान द्यावा. आवाज येतो पण काच हलत नाहीं, तर मोटर फिरते आहे. दोष तारेंत, चक्राच्या दांत्यांत किंवा काचेच्या पकडींत शोधावा. आवाज मुळींच नसेल, तर प्रथम फ्यूज, मग बटण, मग बिजागरीजवळच्या वायरी पाहाव्या; दार उघडतां-मिटतां त्या तेथें तुटतात. मोटरीच्या जोडावर पुरी वीज येऊनही ती गप्प राहिली, तरच तिच्यावरील आरोप सिद्ध झाला.

काच मध्येंच थांबते व कांहीं वेळानें पुन्हां चालते, ही तिसरी तऱ्हा. वैशाखाच्या उन्हानें व धुळीनें कडेचें रबर कोरडें पडतें, काच घट्ट धरली जाते, मोटर तापते आणि तिच्या आंतील संरक्षक योजना वीज तोडते. येथें खांचेंतील धूळ ओल्या फडक्यानें पुसून, रबर वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा द्यावा. इंजिनाचें तेल घालूं नये. त्यानें रबर फुगतें.

मोटर खरोखरच बदलावयाची असेल, तर बॅटरीचा ऋण जोड काढावा. काच पूर्ण वर घेऊन चिकटपट्टीनें चौकटीस दोहों बाजूंनीं बांधावी. हें न करतां मोटर सोडविली, तर मळसूत्राचा लगाम सुटून काच कोसळते. कात्रीच्या भुजांस स्प्रिंग असेल, तर भुजा एकाएकीं उसळून बोटें चिरडते. दाराच्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, म्हणून हातमोजे घालावे. आंतील प्लास्टिकचा पडदा फाडूं नये व पुन्हां नीट चिकटवावा. नाहींतर पावसाचें पाणी गाडींत उतरतें. नवी मोटर त्याच बाजूच्या दाराची आहे, याची खात्री करून घ्यावी. दारांत एअरबॅग असेल, किंवा स्प्रिंग कशी आवरावी हें ठाऊक नसेल, तर तेथें थांबून कारागिराकडे जावें. त्यांत कमीपणा नाहीं.

काम संपलें म्हणजे चाचणी घ्यावयाची, ती मुलें दूर ठेवूनच. दिसण्यांत लहान असली तरी ही मोटर बालकाचा हात किंवा मान दाबून धरण्याइतकी समर्थ आहे. कांहीं गाड्यांत अडथळा लागतांच काच मागें फिरते; परंतु बॅटरी काढल्यावर ही योजना पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें पुन्हां बसवावी लागते. मागच्या काचा बंद ठेवण्याचें बटण चालकाजवळ असतें. तें वापरण्याची संवय मोटरीहून मोलाची.

आपल्या गृहस्थानें काय करावें? गाडी कडेला घ्यावी, दहा मिनिटें मोटर निवूं द्यावी, मग एकानें बटण दाबावें व त्यानें दोन्ही तळव्यांनीं काचेला वर आधार द्यावा. रबर कोरडें, एवढेंच कारण असेल, तर सर येण्यापूर्वीं काच चढते, आणि संन्याशाची सुळीहि टळते.