सभागृहातून अधिसभेत : वांगणीच्या शिक्षण परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण



वांगणी ग्रामस्थांच्या आणि स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. शिक्षणावरची परिषद तालुक्याच्या गावी भरते, जिल्ह्याच्या ठिकाणी भरते. ती वांगणीत भरवावी असा आग्रह आपण धरलात आणि एवढ्या लांबून आलात, याचं आम्हाला अप्रूप आहे. नागलीची भाकर, वरईचा भात आणि रानभाजी यांनी आपला पाहुणचार करताना आमच्या बायाबापड्यांना आनंद वाटतो आहे. त्यात काही उणं राहिलं तर आपलेपणानं सांभाळून घ्यावं.

वांगणीचं नाव महाराष्ट्राने पहिल्यांदा ऐकलं ते १९९२-९३ साली. जव्हार तालुक्यातली वावर-वांगणी ही जोडनावं तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. कुपोषणाने आणि त्यापाठोपाठ आलेल्या आजारांनी या परिसरातली शंभराहून अधिक बालकं दगावली होती. मंत्री आले, पथकं आली, अहवाल झाले, योजना आल्या. त्या मुलांना या परिषदेच्या आरंभी मी आदरांजली वाहतो. ती जगली असती तर आज तिशी-पस्तिशीची असती. त्यांतली काही आज या मांडवात पदवीधर म्हणून बसली असती. म्हणून वांगणीत शिक्षणाची चर्चा होते तेव्हा ती आमच्यासाठी जगण्याचीच चर्चा असते.

हा मुलूख इतिहासाने संपन्न आहे. १९४८ साली विलीन होईपर्यंत इथे मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान होतं. वारली चित्रकलेने आमच्या भिंती जगभर नेल्या. तारप्यावरचा नाच आणि बोहाड्याचा उत्सव आजही आमच्या गावांना एकत्र आणतात. पण दहातले नऊ जण आदिवासी असलेल्या जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात बायांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. भात-नागलीची कापणी झाली, दिवाळी सरली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. त्यांच्याबरोबर मुलंही जातात. शाळेच्या पटावर नाव राहतं, मूल राहत नाही. अशा ठिकाणाहून जे मूल बारावीपर्यंत आणि मग पदवीपर्यंत पोहोचतं, त्याच्यासाठी विद्यापीठ किती जवळ आहे, हा आजच्या परिषदेपुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करताना मला एका माणसाचं चरित्र आपल्यापुढे ठेवायचं आहे. ते आहेत प्रा. डॉ. एन. डी. पाटील. लोक त्यांना 'एन. डी. सर' म्हणत. १५ जुलै १९२९ रोजी वाळवे तालुक्यातल्या ढवळी गावी, शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. पुणे विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. केलं. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ते शिकवू लागले आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेचे रेक्टर झाले. दिवसा अंगमेहनत करून शिकणाऱ्या मुलांमध्ये त्यांचं तारुण्य गेलं. पुढे १९६० मध्ये ते विधान परिषदेवर गेले. १९६० ते १९६६ आणि नंतर १९७० ते १९८२, अशी अठरा वर्षं ते त्या सभागृहात होते. १९७८ ते १९८० या काळात त्यांनी राज्याचं सहकार खातं सांभाळलं. १९८५ साली कोल्हापूरकरांनी त्यांना विधानसभेवर पाठवलं.

आमदारकी पुष्कळांना मिळते. एन. डी. सरांचं वेगळेपण असं की आमदार झाल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या कारभाराकडे पाठ फिरवली नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या मुलांना उच्च शिक्षणाचं दार जवळ यावं, हा तिच्यामागचा हेतू होता. त्या विद्यापीठाच्या पहिल्या सिनेटमध्ये, म्हणजे आज आपण जिला अधिसभा म्हणतो तिथे, एन. डी. सर बसले. १९६२ पासून १९७८ पर्यंत ते विद्यापीठाच्या कार्यकारिणीवर होते. १९७६ ते १९७८ या काळात ते सामाजिक शास्त्रांचे अधिष्ठाता होते. सोळा वर्षं ज्या टेबलाभोवती महाविद्यालयांचे, निधीचे आणि नेमणुकांचे निर्णय होतात, त्या टेबलाशी शेतकऱ्याचा हा मुलगा बसला होता. पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी त्या विद्यापीठाला ग्रामीण चेहरा दिला, तिथेही 'कमवा आणि शिका' रुजली. त्या घडणीच्या काळात शिकवलेलं, लढलेलं आणि कायदेमंडळ जाणणारं माणूस कारभारात असणं किती मोलाचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

राज्य शासनाने साठच्या दशकात शिक्षणविषयक श्वेतपत्रिका काढली, तेव्हा तिचा समाचार घेणारी 'काळी पत्रिका' एन. डी. सरांनी लिहिली. गरिबाच्या मुलाच्या वाटेत नवी भिंत उभी राहते आहे असं त्यांना दिसलं, तर ते सभागृहात बोलत, विद्यापीठात बोलत आणि रस्त्यावरही उतरत. या तिन्ही जागी त्यांची भाषा एकच असे. रायगडच्या शेतकऱ्यांचा महामुंबई सेझविरोधी लढा असो, कोल्हापूरचं टोलविरोधी आंदोलन असो की सीमाभागाचा प्रश्न, उतारवयातही ते मोर्चात पुढे असत. १७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले.

त्यांच्या कारकिर्दीचा एक धागा थेट आपल्या दाराशी येतो. कर्मवीरांनी १९१९ साली काले गावी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या व्यवस्थापन मंडळावर एन. डी. सर १९५९ पासून होते आणि १९९० ते २००८ अशी अठरा वर्षं ते संस्थेचे चेअरमन होते. त्याच रयतचं महाविद्यालय आज मोखाड्यात आहे. जव्हारमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय आहे आणि तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचं. आपल्या पोरापोरींनी पदव्या घेतल्या त्या बहुतेक याच दारांतून. ही तिन्ही महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या त्या विद्यापीठात वांगणीचा विद्यार्थी नकाशाच्या एका टोकाला आहे. एखाद्या कागदासाठी मुंबईतलं कलिना संकुल गाठायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वेगळा.

बंधू-भगिनींनो, विद्यापीठाच्या कारभारात मागासलेल्यांना जागा हवी, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिनेटमध्ये मागास वर्गांना प्रतिनिधित्व मागितलं होतं. आज कायद्याने ती जागा दिलेली आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर विधानसभा अध्यक्षांनी नेमलेले दोन आणि विधान परिषद सभापतींनी नेमलेला एक आमदार असतो. नोंदणीकृत पदवीधर आपल्यातून दहा प्रतिनिधी निवडतात आणि त्यांतली एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव असते. नवी महाविद्यालयं कुठे काढायची हे ठरवणारा बृहत् आराखडा अधिसभेपुढे येतो, वार्षिक अर्थसंकल्पही येतो. अधिसभेतले पदवीधर पुढे व्यवस्थापन परिषदेवरही निवडून जाऊ शकतात. म्हणजे एन. डी. सर ज्या टेबलाशी बसले, त्या टेबलाशी पोहोचण्याची वाट आपल्यालाही खुली आहे.

पण ही वाट मतदार यादीतून जाते. पदवीधर झालेला प्रत्येक जण आपोआप मतदार होत नाही, त्याला नोंदणी करावी लागते. आपल्या पाड्यांवर पदव्या आल्या आहेत. कुणी तलाठी आहे, कुणी आशा ताईंच्या कामावर देखरेख करतं, कुणी आश्रमशाळेत शिकवतं, कुणी नोकरीच्या शोधात घरी बसलं आहे. त्यांतल्या किती जणांची नावं विद्यापीठाच्या यादीत आहेत, हे आपण स्वतःला विचारायला हवं. जे यादीत नाहीत त्यांच्या गरजांचा विचार कुणीतरी आठवणीने करेल, या भरवशावर आपण राहू नये.

म्हणून या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी स्वागत समितीची विनंती आहे. पहिला, बृहत् आराखडा तयार होताना स्थलांतरित कुटुंबांच्या मुलींसाठी वसतिगृहाची सोय असलेलं शिक्षण जव्हार-मोखाड्यात प्राधान्याने मागावं. दुसरा, अधिसभेवर नेमल्या जाणाऱ्या आमदारांत अनुसूचित क्षेत्राचा एक लोकप्रतिनिधी असावा, यासाठी अध्यक्ष आणि सभापती महोदयांना आपण निवेदन द्यावं. तिसरा ठराव कुणाकडे मागायचा नाही, तो आपणच पाळायचा आहे. इथून जाताना प्रत्येक पदवीधराने आपली आणि आपल्या पाड्यावरच्या पदवीधरांची नोंदणी करण्याची जबाबदारी घ्यावी.

आमच्या लोकप्रतिनिधींनाही मी हात जोडून सांगतो. रस्ता, पूल, पाणी यांसाठी तुम्ही भांडता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याच तळमळीने विद्यापीठाच्या बैठकीलाही जा. तिथे फोटो काढायला कुणी येत नाही, टाळ्या मिळत नाहीत, पण तिथे एका ओळीचा ठराव झाला तर आमच्या शंभर मुलींचं शिक्षण वाचतं. एन. डी. सर सोळा वर्षं त्या बैठकांना गेले. विधिमंडळात गेलेल्या माणसाने विद्यापीठाचं काम कसं करावं, याचं याहून चांगलं उदाहरण महाराष्ट्रात मला दुसरं दिसत नाही.

मांडवाच्या प्रवेशद्वाराजवळ नोंदणीची माहिती देणारं टेबल मांडलं आहे. आपली पदवी कितीही जुनी असो, जेवायला बसण्याआधी तिथे थांबा आणि आपलं नाव लिहा. जोहार!