पाण्याचा थेंब आणि सूक्ष्मदर्शकाची मोजपट्टी



पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० हालते जीव असतात, हा आकडा आपल्या समाजातील प्रवचनांतून व पाठशाळांतून अनेकदा ऐकावयास मिळतो. कॅप्टन स्कोर्सबी यांनी सूक्ष्मदर्शकातून ते पाहिले, असेही त्यासोबत सांगितले जाते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसणारा विद्यार्थी मात्र हा आकडा ऐकून लगेच विचारील, पाणी विहिरीचे की डबक्याचे? थेंब केवढा? आणि मोजणी कशी केली? हे प्रश्न अश्रद्धेचे नव्हेत. सूक्ष्मदर्शक हाताळणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी शिकावे लागतात. हे यंत्र वस्तू मोठी करून दाखविते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्याने मोजताही येते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७४ साली जवळच्या तळ्याचे पाणी आपल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात फिरणारे सूक्ष्म जीव जगापुढे आणले. त्याचा सूक्ष्मदर्शक साधा, म्हणजे एकाच भिंगाचा होता. त्याच्या उपलब्ध भिंगांपैकी सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखविते. परंतु त्याची थोरवी केवळ भिंग घासण्यात नव्हती. हाताशी मोजपट्टी नसताना त्याने वाळूचा कण हेच माप मानले. माणसाच्या रक्तातील पंचवीस हजार तांबड्या कणांचे आकारमान वाळूच्या एका बारीक कणाएवढे होईल, असा त्याचा अंदाज होता. आजच्या मोजमापाशी तो आश्चर्य वाटावे इतका जुळतो.

शाळा-महाविद्यालयांत वापरतात तो संयुक्त सूक्ष्मदर्शक. त्यात डोळ्याकडील नेत्रभिंग बहुधा १० पट वर्धनाचे असते, आणि फिरत्या चकतीवर ४, १०, ४० व १०० पटींची वस्तुभिंगे बसविलेली असतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन. मंचाखाली कंडेन्सर व डायफ्राम असतात; प्रकाश आरशातून किंवा दिव्यातून येतो. नवखा विद्यार्थी डायफ्राम पूर्ण उघडा ठेवतो आणि पाण्यात काहीच नाही म्हणून उठतो. वास्तविक पाण्यातील बहुतेक जीव काचेसारखे पारदर्शक असतात. डायफ्राम थोडा मिटताच त्यांच्या कडा उमटू लागतात. ४० पटींच्या वस्तुभिंगाखाली मोठ्या स्क्रूला हात लावू नये, असे शिक्षक बजावतात ते अनुभवाने, कारण भिंग आणि काचपट्टी यांत तेव्हा मिलिमीटरभरही अंतर नसते.

आता मोजमापाविषयी. येथील एकक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नेत्रभिंगात शंभर रेघांची एक बारीक काचपट्टी बसवितात. त्या रेघांना स्वतःचे असे मूल्य नसते. ते ठरविण्यासाठी मंचावर दुसरी पट्टी ठेवतात. तीत एका मिलिमीटरचे शंभर समान भाग केलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा. समजा, ४० पटींच्या वस्तुभिंगाखाली वरच्या पट्टीचे ४० भाग खालच्या पट्टीच्या १० भागांशी तंतोतंत जुळले, तर वरचा एक भाग अडीच मायक्रोमीटरचा ठरला. मग खालची पट्टी काढून रक्ताची काचपट्टी ठेवावी. तांबडी पेशी तीन भाग व्यापत असेल, तर तिचा व्यास साडेसात मायक्रोमीटर. वस्तुभिंग बदलले की मूल्य बदलते, म्हणून प्रत्येकासाठी हे काम पुन्हा करावे लागते. कंटाळवाणे आहे खरे, आणि म्हणूनच ते टाळले जाते. आकृतीखाली नुसते ‘४०० पट’ लिहिण्याची सवयही सोडण्यासारखी आहे. चित्र छापताना लहानमोठे झाले की तो आकडा खोटा ठरतो. चित्रातच काढलेली मापाची रेघ मात्र चित्रासोबत वाढते व घटते.

याच रीतीने तो थेंब मोजून पाहावा. साधारण थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला आणि २२ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी आच्छादन-काचेखाली पसरविला, तर पाण्याचा थर मिलिमीटरच्या एक दशांशाएवढा होतो. १० पटींच्या वस्तुभिंगाखाली एका वेळी सुमारे १.८ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते. अशी जवळजवळ १९० वर्तुळे मिळून तो थेंब होतो. त्यात ३६,४५० जीव असावयाचे, तर प्रत्येक वर्तुळात सरासरी १९० हवेत. कुजलेल्या पालापाचोळ्याच्या पाण्यात याहून अधिक दिसू शकतील, घरातील नळाच्या पाण्यात एखादाही न दिसेल. आकडा सांगताना पाण्याचा ठिकाणा सांगणे आवश्यक आहे ते यासाठी.

सूक्ष्मदर्शकाचे इतर प्रकार थोडक्यात सांगता येतील. विच्छेदन सूक्ष्मदर्शक फुलाचे भाग उलगडण्यासाठी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ साली रुस्का व क्नोल यांनी जर्मनीत घडविला. प्रकाशाच्या यंत्राला सुमारे ०.२ मायक्रोमीटरपलीकडचे बारकावे वेगळे दाखविता येत नाहीत, ती मर्यादा त्याने ओलांडली. परंतु त्यात नमुना निर्वात जागी ठेवावा लागत असल्याने सामान्यतः जिवंत जीव पाहता येत नाही. या सभेला अधिक जवळचा वाटावा असा प्रकार फ्रिट्स झेर्निके यांच्या फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाचा. पेशी रंगविताना त्या बहुधा मरतात. या यंत्रात रंगाविना जिवंत पेशी स्पष्ट दिसते. त्यासाठी झेर्निके यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पाणी गाळून पिणाऱ्या घरांना या मापांचा उपयोग काय? बांगलादेशात रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. जुन्या साडीच्या किमान चार घड्या घालून पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचा जिवाणू जेमतेम दोन-तीन मायक्रोमीटर लांब, आणि घडी केलेल्या साडीची छिद्रे सुमारे २० मायक्रोमीटरची. सुटा जिवाणू त्यांतून सहज निसटतो. मात्र तळ्याच्या पाण्यात बरेचसे जिवाणू कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतात, आणि ते प्राणी घडीत अडकतात. नवे, कडक कापड त्या मानाने कमी पडते. वारंवार धुतलेल्या जुन्या सुती कापडाचे तंतू फुलून छिद्रे बारीक होतात. एकपदरी कापडाची छिद्रे याहून कितीतरी मोठी असतात, आणि गाळून उरलेल्या सुट्या जिवाणूंसाठी पाणी उकळावेच लागते. घरातील गाळण्याच्या कापडाचा तुकडा काचपट्टीवर ठेवून त्याची छिद्रे आधी एकपदरी व मग चारपदरी मोजणे, हा प्रयोग पाठशाळेतील मुलांना एका दुपारी करता येईल.