फॉर्च्युनर की कोडियाक? दादाची गाडी, माझी एक्सेल शीट आणि मोठ्या मायचा पाट

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, थोडं साफसूफ करून.

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, ‘भाऊ, आपल्याला चाळीस लाखांची गाडी घ्यायची नाही, आपण कशाला ऐकायचं?’ थांबा. मीही घेणार नाहीये. माझ्याकडे सेकंडहँड हॅचबॅक आहे आणि पुण्यात तिला पार्किंग मिळालं तरी मी खूश असतो. पण घरातला कोणी ना कोणी एक दिवस फोन करतो, ‘तू इंजिनिअर आहेस ना, मग सांग.’ आपण कोड लिहितो, गाड्या बनवत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मला फोन आला दादाचा. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. आमचं गाव साखरा, हिंगोली जिल्हा. दादाची आडत आहे, हळद आणि सोयाबीन. गेल्या काही वर्षांत हळदीनं त्याला हात दिला. तर दादा म्हणाला, ‘दोन गाड्या डोक्यात आहेत. टोयोटाची फॉर्च्युनर आणि स्कोडाची कोडियाक. पाहुण्यांचं म्हणणं फॉर्च्युनर. तू आकडे काढ.’

आकडे काढ म्हटलं की मला बरं वाटतं. शनिवार-रविवार बसलो आणि शीट केली.

आधी एक गंमत. दोन्हींपैकी आपली कुठली? टोयोटाच्या इथल्या कंपनीच्या नावात किर्लोस्कर आहे, अस्सल मराठी नाव, पण फॉर्च्युनर बनते कर्नाटकात, बिदादीला. आणि कोडियाक, जिचं नावसुद्धा आमच्या गावात कोणाला नीट घेता येत नाही, ती जोडली जाते छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. म्हणजे मराठवाड्याची गाडी म्हणाल तर ती कोडियाक. दादाला हे सांगितलं तर म्हणे, ‘असं का! मग स्वस्त कामून नाही?’

आता मुद्द्याचं. या दोन गाड्यांची हाडंच वेगळी आहेत. फॉर्च्युनर म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर बॉडी बसवलेली. ट्रॅक्टरची ट्रॉली आठवा. खाली चेसिस, वर डबा. कोडियाकमध्ये सांगाडा आणि डबा एकच, पत्र्याच्या पेटीसारखा. त्यामुळे फॉर्च्युनर खड्ड्यात, चिखलात, दगडावर मार खाते आणि चालत राहते, पण रस्त्यावर जरा हलते, डोलते. कोडियाक डांबरी रस्त्यावर चिकटून पळते, आत आवाज कमी.

इंजिन बघा. फॉर्च्युनरचं डिझेल २.८ लिटरचं, २०४ पीएस, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क. कोडियाक आता फक्त पेट्रोल, २ लिटर टर्बो, ताकद तीच, २०४ पीएस, टॉर्क ३२०. फॉर्च्युनरमध्ये फोर बाय फोर हवं तर जादा पैसे. कोडियाकमध्ये ते आधीच येतं, पण काळ्या मातीत रुतल्यावर लागतो तो लो रेंज गिअर फॉर्च्युनरच्या फोर बाय फोरमध्येच. एअरबॅग फॉर्च्युनरला सात, कोडियाकला नऊ. नव्या कोडियाकला युरो एनकॅपमध्ये पाच तारे मिळालेत.

किंमत. एप्रिल २०२५ मध्ये नवी कोडियाक आली ती ४६ लाख ८९ हजारांपासून, शोरूम किंमत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्क्यांच्या घरात जायचं, ते सरळ चाळीस झालं, आणि दोन्हींच्या किमती उतरल्या. पण शोरूम किंमत बघून खूश होऊ नका. आपल्या महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या गाडीला रोड टॅक्स आहे पेट्रोलला १३ टक्के आणि डिझेलला १५. म्हणजे चाळीस लाखांची गाडी असेल तर पेट्रोलला पाच लाख वीस हजार, डिझेलला सहा लाख. नुसता टॅक्स. आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. ‘सीए म्हणतो कंपनीच्या नावावर घे’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करा.

माझ्या शीटनं उत्तर दिलं: कोडियाक. दादाची वर्षातली नव्वद टक्के धाव डांबरी रस्त्यावर. हिंगोली, नांदेड, कधी संभाजीनगर. शेतात जायला त्याच्याकडे जुनी जीप आहेच. शिवाय सुरक्षितता जास्त, आराम जास्त. मी पीडीएफ पाठवली, रंगीत तक्त्यांसहित.

दादानं ती उघडलीसुद्धा नाही. मला म्हणाला, ‘बघ गड्या, मोंढ्यात गाडी आली की कळलं पाहिजे कोण आलंय. तुझी कोडियाक आली तर लोक विचारतील, ही कोणती?’

मी हसलो, पण नंतर विचार केला. हे खोटं नाहीये. आडत्याचा धंदा विश्वासावर चालतो. शेतकरी माल टाकतो आणि पैसे कधीकधी नंतर घेतो. दारात काय उभं आहे ते तो बघतो.

इथं मला २०१० ची गोष्ट आठवली. तेव्हा मी आठवीत. औरंगाबादमध्ये, आताच्या संभाजीनगरात, उद्योजक, व्यापारी, डॉक्टर अशा लोकांनी मिळून एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींच्या आसपास. पेपरात फोटो. आमच्या वर्गात महिनाभर तीच चर्चा. शहराचं नाव व्हावं हा त्यांचा हेतू होता, आणि झालंही. पण पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याची दुसरी बाजू लिहिली. त्या गाड्यांना बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी मिळालं होतं, आणि त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरचं कर्ज त्याहून बरंच महाग पडत होतं. तेव्हापासून कोणाचीही मोठी गाडी दिसली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, कर्ज किती?

तो मी दादाला विचारला. तीस लाख, सात वर्षं, नऊ टक्के. आणि टॉप मॉडेल, फोर बाय फोर.

मग तक्ते बाजूला ठेवले आणि एकच आकडा सांगितला. हप्ता अठ्ठेचाळीस हजार. सात वर्षांत बँकेला जातात साडेचाळीस लाख. साडेदहा लाख नुसतं व्याज. ‘दादा, हळद उतरली तर? सात वर्षं भाव असाच राहील असं लिहून देतोस?’ दादा गप्प. हळदीचा भाव काय करतो ते त्याच्याइतकं कोणाला माहीत! आणि मला जे विचारायला जड जात होतं तेही विचारलं. ‘तंगी आली तर हप्ता कुठून भरशील? शेतकऱ्यांचे जे पैसे तुझ्याकडे असतात त्यातून?’ फोन ठेवला त्यानं. दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन. ‘शनिवारी ये. टेस्ट ड्राइव्ह घेऊ. मायलाही नेऊ.’

मोठी माय म्हणजे माझी मोठी चुलती. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले. महिन्यातून एकदा तिला नांदेडला डॉक्टरकडे न्यावं लागतं. माझ्या एवढ्या मोठ्या शीटमध्ये ती कुठंच नव्हती. टॉर्क होता, टॅक्स होता, पण जी बाई त्या गाडीत सगळ्यात लांबचा प्रवास करणार तिचा एक कॉलमसुद्धा नव्हता.

फॉर्च्युनरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘माडीवर चढायले का म्या?’ दोघांनी धरून बसवलं. सांगाड्यावरची गाडी, उंच असणारच. बसल्यावर मात्र खूश, ‘समदं रान दिसायलंय.’ कोडियाकमध्ये स्वतःची स्वतः बसली. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात तिनं विचारलं, ‘ही बिघडली तर आपल्या गावात कोणाला नीट करता येती का?’ शोरूममधला पोरगा हसला. मी नाही हसलो. रात्रीची वेळ, आजारी माणूस आणि शंभराच्या वर किलोमीटर, तेव्हा हाच प्रश्न असतो.

शेवटी दादानं फॉर्च्युनरच घेतली. पण टॉप मॉडेल नाही, साधं डिझेल, टू व्हील ड्राइव्ह. जीपला फोर बाय फोर आहेच, दोनदा कशाला? आणि कर्ज अठरा लाख, पाच वर्षं. हप्ता साडेसदतीस हजारांच्या आत, व्याज साडेचार लाखांच्याही आत. सहा लाख व्याज वाचलं. चाळीस लाखांच्या डिझेल गाडीचा रोड टॅक्स होतो तेवढं.

मी अजूनही म्हणतो की आकड्यांवर कोडियाक बरी होती. दादा म्हणतो, तुझी शीट तुझ्याकडं ठेव. भांडण चालू आहे.

तुम्हाला गाडी दहा लाखांची घ्यायची असो की पन्नास, शोरूमला जायच्या आधी तीन गोष्टी करा. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही खरंच कुठल्या रस्त्यावर किती धावलात ते लिहा. हप्ता नाही, सगळ्या हप्त्यांची बेरीज करा. आणि घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस टेस्ट ड्राइव्हला सोबत न्या. तिथं सेल्समनपेक्षा जास्त तेच सांगेल.

आणि हो, गावातल्या सुतारानं मोठ्या मायसाठी एक पाट करून दिलाय. सागवानी, चार बोटं उंच, खाली रबर ठोकलेलं. फॉर्च्युनरच्या डिकीत असतो. गाडी थांबली की दादा आधी उतरतो, पाट ठेवतो, मग माय उतरते. मोंढ्यात लोक आधी गाडी बघतात आणि मग पाट बघतात.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरी कोणत्या दोन गाड्यांवरून भांडण चाललंय ते व्हॉइस मेसेज करून सांगा. तोवर सीटबेल्ट लावा, मागच्या सीटवरसुद्धा!